६०४० सीएनसी राऊटरला हवा आणि मिस्ट जोडायचीय, अ‍ॅल्युमिनियम टूलला चिकटतंय

डोंबिवलीकर_खटपट्या

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६०४० राऊटर (साधारण ६० बाय ४० सेंमीचं, कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं-कापायचं मशीन) आहे, १.५ किलोवॅटचा वॉटर-कूल्ड स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), ईआर-११ कोलेट (टूल धरणारी चिमटी), कंट्रोलर म्हणाल तर आर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल हे फर्मवेअर. दोन वर्षं लाकूड, एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिकवरच काढली, नेमप्लेटा, देव्हाऱ्याची जाळी वगैरे. आता कॅमेऱ्याच्या स्लायडरसाठी ६ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम प्लेट कापायच्यात आणि तिथे गाडं अडलंय. ३ मिमीचा सिंगल फ्लूट (एकाच धारेचं टूल), १८००० आरपीएम, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) मिनिटाला ३०० मिमी, एका पासला (फेरीला) ०.५ मिमी खोल. पहिले दोन-तीन पास छान जातात, मग आवाज बदलतो, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुसफुस होते ना तसा, आणि हात एमर्जन्सी बटणापर्यंत जाईस्तोवर टूलच्या खाचेत अ‍ॅल्युमिनियमचा गोळा बसलेला असतो. परवा चौथं टूल मोडलं.

सध्या ब्रशने थोडं रॉकेल लावतो. सगळे म्हणतात मिस्ट कूलंट (हवेबरोबर द्रवाचा बारीक फवारा) लाव, एअर असिस्ट (टूलवर हवेचा झोत) लाव. प्रश्न असे की फिशटँकचा मोठा एअर पंप चालेल का कॉम्प्रेसरच लागेल? मशीन बंद बाल्कनीत आहे आणि खालच्या मजल्यावरचे काका आधीच खार खाऊन आहेत. आणि मिस्टमध्ये घालायचं काय? व्हिडिओत एकजण आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारत होता, अगदी स्वच्छ काम, डाग नाही की वास नाही.

उद्यमनगरचा_टर्नर

भावा आधी प्लेट कसली हाय ते सांग. कूलंट बिलंट नंतर बघू.

डोंबिवलीकर_खटपट्या

भंगारवाल्याकडून आणलीये दादा, ग्रेड माहीत नाही. कोपरा पक्कडीत धरून वाकवला तर सहज वाकतो, तुटत नाही.

उद्यमनगरचा_टर्नर

मग झालं की. ती १९००० ची असणार, म्हणजे जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियम. ती कापत न्हाई, काकवीगत चिकटते. आमच्याकडं मोठ्या व्हीएमसीवर (कारखान्यातलं मिलिंग मशीन) कूलंटचा धबधबा सोडलेला असतोय तरी ऑपरेटर तिला शिव्या घालतोय. एचई-३० ची प्लेट आण, म्हणजे ६०८२, टी-६ टेंपरमधली (कडक केलेली). किलोमागं थोडं जास्त जातील पर टूलचे पैसे वाचतील. आणि तुझा फीड बघ, ३०० भागिले १८००० म्हणजे एका फेऱ्याला ०.०१६ मिमी. टूल कापत न्हाई, नुसतं घासतंय. घासलं की तापतंय, तापलं की चिकटतंय. ५४० ठेव म्हणजे ०.०३ होतंय, पास पाहिजे तर कमी कर. आणि टूल सोनेरी-जांभळ्या कोटिंगचं असलं तर बाजूला ठेव, टायअलएन कोटिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियमच असतंय, ते स्टीलसाठी. ह्याला बिनकोटिंगचं पॉलिश केलेलं टूल बेस.

हवापाणी

टर्नरदादांचं शंभर टक्के बरोबर, प्लेट आणि फीड आधी सुधारा. पण हवा तरीही लागणारच, कारण राऊटरवर अ‍ॅल्युमिनियमचा खरा वैरी उष्णता नाही, बाहेर न पडलेली चिप (कापलेला धातूचा बारीक तुकडा) आहे. खोबणीत पडलेली चिप पुढच्या पासला परत टूलखाली येते, परत कापली जाते, तिथून गोळा व्हायला सुरुवात. माझ्या अनुभवात बारा आणे काम नुसत्या हवेनं होतं, उरलेलं चार आणे मिस्टचं. म्हणून आधी फक्त हवा लावून बघा, मिस्टच्या नादी नंतर लागा.

फिशटँकचा पंप: हवा मिनिटाला ६०-७० लिटर देतो पण दाब ०.३ बारच्या आतबाहेर. एमडीएफचा भुसा उडवायला, अ‍ॅक्रिलिक थंड ठेवायला ठीक आहे. ४-५ मिमी खोल खोबणीतून तेलकट चिप उचलायला दम लागतो, तो त्याच्यात नाही. कॉम्प्रेसर घ्या, ऑइल-फ्री सायलेंट मिळतो, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला. सायलेंट म्हणजे अगदी गप्प नव्हे, जुन्या फ्रीजसारखा घुरघुरतो, पण पट्ट्याच्या कॉम्प्रेसरच्या मानाने संत माणूस. खाली जाड रबर टाका, काकांच्या छतात जी थरथर जाते तिचंच भांडण होतं.

आता लोक चुकतात कुठे, तर नोझलमध्ये. १ मिमीच्या भोकातून २ बारला मिनिटाला साधारण २५ लिटर हवा जाते. भोक २ मिमी केलं की चौपट, म्हणजे १०० लिटर, आणि छोटा कॉम्प्रेसर मग बंदच होत नाही, तापून मरतो. लेबलवर लिहिलेला आकडा बघून फसू नका, तो ओढलेल्या हवेचा असतो, बाहेर मिळते ती बरीच कमी. १ मिमीचं भोक, दीड-दोन बार, आणि नोझलचं तोंड टूलपासून दोन-तीन सेंमीवर, वरून तिरकं खोबणीत. लांबून जास्त दाबाने मारण्यापेक्षा जवळून कमी दाबाने मारलेलं केव्हाही बरं.

मिस्टसाठी आयसोप्रोपिल अजिबात नको. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. १२ डिग्रीलाच त्याची वाफ पेट घेऊ शकते, तुमची बंद बाल्कनी, शेजारी रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि व्हीएफडी (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह), आणि कुणाकडे स्पिंडलऐवजी ट्रिम राऊटर (सुताराचं हातातलं मशीन) असेल तर त्याच्या ब्रशच्या ठिणग्या सतत चालूच असतात. व्हिडिओतल्या माणसाचं काही झालं नाही म्हणून आपलं होणार नाही असं नाही. वर अ‍ॅक्रिलिकवर अल्कोहोल पडलं तर कडांना बारीक तडे जातात ते वेगळंच. रॉकेलही ब्रशने लावा हवं तर, फवारू नका.

साधं सोल्युबल कटिंग ऑइल घ्या, एकास वीस. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही, नाहीतर दही फुटल्यासारखं होतं. बाटली नोझलच्या तोंडापेक्षा खाली ठेवा, वर ठेवली तर हवा बंद केल्यावरही सायफनने रात्रभर ठिबकत राहतं आणि सकाळी एमडीएफचा बेड पुरीसारखा फुगलेला सापडतो (माझा सापडला होता). द्रवाच्या नळीला सुईवाला व्हॉल्व्ह लावा आणि इतकं कमी सोडा की हवेत धुकं दिसणार नाही, फक्त प्लेटवर ओलसर चमक येईल. धुकं दिसलं म्हणजे ते तुम्ही श्वासात घेताय. अमेरिकेतल्या नायॉशची (कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था) शिफारस घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर नको अशी आहे, आणि बंद बाल्कनीत तेवढं व्हायला वेळ लागत नाही. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा.

सोल्डरचा_धूर

इलेक्ट्रॉनिक्सचं मी सांगतो. उनोवर जीआरबीएल १.१ असेल तर ए-३ पिन कूलंटची, एम८ (कूलंट चालू करायची कमांड) दिलं की ती हाय होते, म्हणजे चालू, एम९ ला बंद. एम७ हे मिस्टसाठी असतं पण मूळ फर्मवेअरमध्ये ते बंद असतं, कॅममधून (मशीनसाठी फाइल बनवणारं सॉफ्टवेअर) मिस्ट निवडून फाइल काढलीत तर एरर २० येऊन सगळं थांबेल आणि तुम्ही दोन तास केबल बदलत बसाल. कॉन्फिग फाइलमध्ये एम७ चालू करून परत कंपाइल करता येतं, मग त्याला ए-४ मिळते. पण सुरुवातीला कॅममध्ये फ्लड (कूलंटची धार) निवडा, एम८ वर हवा चालवा, विषय संपला.

हवेच्या नळीवर २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारा), पाव इंची, मध्ये रिले मोड्यूल. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका. मी विसरलो होतो. प्रत्येक जॉब शेवटपर्यंत व्यवस्थित जायचा आणि एम९ आलं की यूएसबी डिस्कनेक्ट, लॅपटॉपवर तो टुडुंग आवाज. स्पिंडलचा नॉइज समजून शील्डेड केबल आणली, फेराइट लावले, अर्थिंग परत केलं, आठवडा गेला. दोन रुपयांचा डायोड निघाला.

आणि एम८ नंतर जी४ पी२ टाका, दोन सेकंद थांबेल, हवा पूर्ण आली की मगच टूल खाली उतरेल.

बघ्या

एवढ्या खर्चात लेझर कटिंगवाल्याकडून शंभर प्लेटा कापून मिळाल्या असत्या 😄

उद्यमनगरचा_टर्नर

मिळतील की. मग राऊटर कशाला घेतलाय, धुणं वाळत घालायला?

रत्नांग्री_वर्कशॉप

एक राहिलं. कोकणपट्टीत असाल तर कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी रोज काढा. पावसाळ्यात माझ्या छोट्याश्या टाकीतून कपभर निघतं, गंजासकट, चहासारखं. फिल्टर-रेग्युलेटर घ्या, पण तिसरं तेलाचं भांडं असलेला एफआरएल नको, ते न्यूमॅटिक टूलसाठी असतं, लाकडावर तेल उडेल. उद्या परत नेमप्लेट करायचीच आहे ना.

डोंबिवलीकर_खटपट्या

तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जाऊन पीयू ट्यूब, पुश फिटिंग, रेग्युलेटर सगळं एका फेरीत आणलं. नोझलसाठी एक जुगाड सापडला, थ्रीडी प्रिंटरचं १ मिमीचं पितळी नोझल. त्याचा आटा एम६ चा असतो, ठोकळ्याला टॅप मारला (आतून आटे पाडले) आणि स्पिंडलच्या क्लॅम्पला अडकवला.

आधी मुद्दाम जुन्या भंगारच्याच प्लेटवर फक्त हवा लावून बघितलं. फीड ५४०, पास ०.३. चिकटलं, पण पंधरा मिनिटांनी, आधी दोनमध्ये चिकटायचं. मग एचई-३० लावली, फक्त हवा, आणि काय सांगू, चिपा अशा उडतात की तव्यावर मोहरी. सहाच्या सहा प्लेटा एका टूलमध्ये झाल्या. मिस्ट शेवटच्या फिनिशिंग पासला लावलं, कड आरशासारखी नाही पण नखाला काही लागत नाही. म्हणजे हवापाणी सर म्हणाले तसंच, बारा आणे हवा.

खालचे काका अजून वर आलेले नाहीत. आता नवीन तक्रार घरातूनच, चिपा उडून आईच्या तुळशीच्या कुंडीत पडतायत. पुठ्ठ्याचा आडोसा केलाय सध्या.

उद्यमनगरचा_टर्नर

पुठ्ठा भिजंल. इलेक्शनचा जुना फ्लेक्स बघ कुठं मिळतोय का, उलटा करून लाव. नेत्याचं तोंड मशीनकडं नको.