शब्दचर्चा: ‘एच टू’ला मराठीत काय म्हणावं?

एम ३३ या सर्पिल दीर्घिकेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात पानोपानी एकच संज्ञा येते, ‘एच टू रीजन’. दीर्घिकेच्या फोटोत सर्पिल भुजांवर गुलाबी ठिपके दिसतात ना, तेच हे. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘एच टू क्षेत्र’ लिहिलं. खर्डा वाचून मैत्रिणीने विचारलं, “म्हणजे हायड्रोजनचे रेणू असतात ती जागा का?”

तिची चूक नाही. शाळेपासून आपण हायड्रोजनच्या रेणूला ‘एच टू’च म्हणत आलो. इथला ‘टू’ मात्र रोमन आकडा आहे. वर्णपटाच्या अभ्यासात उदासीन अणूला रोमन एक लावतात, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्याला दोन, दोन गमावलेल्याला तीन. म्हणजे हा ‘एच टू’ म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेलेला, नुसता प्रोटॉन उरलेला हायड्रोजन. (हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉनच एक, म्हणून ‘एच थ्री’ संभवत नाही.) रोमन लिपीत छापताना दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. देवनागरीत दोन्ही ‘एच टू’, आणि अर्थ एकमेकांपासून जितके लांब जाता येतील तितके लांब. यासाठी मराठी शब्द हवाच. सुचवा.

प्रतिसाद १

‘तेजोमेघ’ रूढ आहे की! मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाला सगळे तेच म्हणतात, आणि तो याच जातीचा आहे.

प्रतिसाद २

तेजोमेघ फार ऐसपैस शब्द आहे. कृत्तिकांभोवतीची निळसर झाक हाही तेजोमेघच, पण तिथे धूळ फक्त ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, वायूचं आयनीभवन होत नाही, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेषही तेजोमेघातच मोडतात. आणि ‘कृष्ण तेजोमेघ’ हा शब्दप्रयोग तर मला वाचवत नाही. ज्याला तेजच नाही तो तेजोमेघ कसा? सर्वसाधारण नाव म्हणून ‘अभ्रिका’ बरा, त्यात उजेड-अंधाराची अट नाही.

मग या विशिष्ट प्रकाराला ‘तारकाजन्मस्थान’ का म्हणू नये? वाचकाला लगेच कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

‘अभ्रिका’ मान्य. ‘तारकाजन्मस्थान’ला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि तो नुसता शब्दाचा नाही.

तारे जन्मतात ते रेणूंच्या थंडगार ढगांत, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १०-२० अंशांवर. गुलाबी ठिपक्यातला वायू सुमारे १०,००० अंश तापलेला असतो; त्यात तारा आकाराला येणं कठीण. तो तापतो कारण तारे आधीच जन्मलेले असतात. त्यांतले सर्वांत वजनदार तारे ९१.२ नॅनोमीटरहून आखूड लांबीचे अतिनील किरण ओततात, आणि भोवतीच्या हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या प्रोटॉनला सापडतो, पायरी-पायरीने खाली उतरतो, आणि त्यातल्या एका पायरीवर ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो. तोच ठिपक्याचा रंग.

म्हणजे ठिपका ही जन्माची जागा नव्हे, जन्म झाल्याची वर्दी आहे. वर्दी ताजी असते, कारण असे भारी तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात, आपल्या जागेपासून फार लांब जायला त्यांना सवडच नसते. शिल्पी तारकासमूहातल्या एनजीसी ३०० या जवळच्या सर्पिल दीर्घिकेत रेणूंचे ढग आणि गुलाबी ठिपके बारकाईने ताडून पाहिले गेले. लांबून दोन्ही एकाच भुजेवर दिसतात, जवळून पाहिलं की बहुतेक ठिकाणी एकमेकांवर बसत नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की भारी तारे उजळल्यावर सुमारे १५ लाख वर्षांत ढग विखरून जातो. ज्याने आपल्या जन्मदात्या ढगाला उधळून लावलं, त्याच्या उजेडालाच ‘जन्मस्थान’ म्हटलं तर वाचक कायमचा चुकीचं शिकेल.

प्रतिसाद ३

मग सरळ ‘आयनमेघ’ म्हणा, आणि थंड ढगाला ‘रेणुमेघ’. दोन शब्द शेजारी ठेवले की गोंधळच संपला.

एक सावधगिरी. अनुवादात हल्ली ‘आण्विक मेघ’ दिसतो, तो हिंदीतून आलेला आहे. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते ‘परमाणु’ म्हणतात. मराठीत ‘आण्विक मेघ’ लिहिलं की अर्थ थेट सुट्या अणूंचा ढग असा होतो, म्हणजे ‘एच वन’. तीन अवस्थांतली नेमकी भलतीच निवडली जाते.

प्रतिसाद २

आयनमेघ आवडला. त्याच धर्तीवर ‘एच वन’ला ‘अणुमेघ’?

मूळ प्रश्नकर्ती

नको. ‘अणुमेघ’ ऐकला की अणुस्फोटानंतरचा छत्रीसारखा ढग डोळ्यांपुढे येतो. तिथे ‘उदासीन हायड्रोजन’च ठेवते, लांब असला तरी स्वच्छ आहे.

आयनमेघ, रेणुमेघ पक्के. आता एकच अडचण उरली. एम ३३ मधला एनजीसी ६०४ हा आयनमेघ सुमारे १,५०० प्रकाशवर्षं पसरलेला आहे. मृगातला जेमतेम २४. विल्यम हर्शलने १७८४ साली २७ लाख प्रकाशवर्षांवरूनही एनजीसी ६०४ची वेगळी नोंद केली, इतका तो ठळक. एम १०१ या दीर्घिकेतल्या अशाच काहींना, उदाहरणार्थ एनजीसी ५४६१ आणि ५४७१, एनजीसी या खगोलीय सूचीत स्वतंत्र क्रमांक मिळाले आहेत. इतक्या मोठ्यांसाठी ‘महाआयनमेघ’ लिहून पाहिलं, पण ‘महाआ’ वाचताना जीभ अडखळते, आणि संधी करून ‘महायनमेघ’ केलं तर ‘आयन’च हरवतो.

प्रतिसाद ३

‘विशाल आयनमेघ’. दोन शब्द सुटे.

मूळ प्रश्नकर्ती

घेतला. खर्डा आज रात्री दुरुस्त करते.