मदत हवी आहे: अल्बिनसचा हा दिनारियस (रोमन चांदीचं नाणं) कुठल्या काळातला?

नमस्कार मंडळी. रोमन सम्राट सेप्टिमियस सेवेरस आणि त्याच्याशी गादीसाठी भांडलेले, यांची चांदीची नाणी जमवतोय. सेवेरसची सहज मिळतात, क्लोडियस अल्बिनसची शोधावी लागतात.

गेल्या महिन्यात अल्बिनसचा दिनारियस घेतला. पुढच्या बाजूला कुरळी दाढी, नावापुढे 'सीझर' (सम्राटाच्या हाताखालचा, वारस) ही सेवेरसने दिलेली पदवी, मागे ढाल घेतलेली मिनर्व्हा देवी. म्हणजे दोघांचं अजून बिनसलं नव्हतं तेव्हाचा प्रकार. पण वजन भरलं फक्त 2.1 ग्रॅम, माझे बाकीचे 3 च्या आसपास आहेत. भिंगातून पाहिलं तर गालाजवळ चांदीचा पापुद्रा उचललेला, खाली तांबूस धातू. कडेला शिवणीसारखी रेघ (साच्यात ओतलेल्या नकलेची खूण) मात्र कुठेच नाही.

हा त्याच काळातला, तांब्यावर चांदी चढवलेला खोटा दिनारियस असेल, की आजची नक्कल? पहिलं असेल तर आनंदाने ठेवीन. पापुद्र्याच्या कडेवरून ओळखता येतं का? अजून साफ करायला हात लावलेला नाही.

आणि अल्बिनसने ल्योंमध्ये (आजच्या फ्रान्समधलं शहर) सम्राट म्हणून पाडलेलं नाणं कुणाकडे असेल तर कृपया फोटो दाखवा. इ.स. 197 मध्ये तिथेच तो सेवेरसकडून हरला, त्यामुळे त्या नाण्यांची मला फार ओढ आहे.