अकरावी बायोलॉजी: सगळे धडे वेगवेगळे वाटतात, जोडायचे कसे?

वावरातली_पोरगी
नमस्कार. अकरावी सायन्सला आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून रोज एसटीनं कॉलेजला जाते. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर पाच गोष्टी लिहून दिल्या, उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचं वहन, ऊर्जा, समतोल, म्हणे अख्खी बायोलॉजी यातच आहे. नंतर पेशी झाली, वनस्पती झाल्या, झुरळ झालं, त्या पाच गोष्टींचं कोणी नावच घेतलं नाही. मला तर प्रत्येक धडा वेगळ्या गावचा वाटतो, पाठ केलेलं आठ दिवसांत उडून जातं. काय करू?

पऱ्हाटीवाला
ताई, घरी पऱ्हाटी म्हणजे कपाशी असंन तर पुस्तक ठेव बाजूले आन वावरात जाय. एखादं फूल उमललंच नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या चिकटून बसल्या असं दिसंन, तेच डोमकळी. उकलून पाह्य, आत गुलाबी बोंडअळी. पुढची पिढी बोंडात शिरते आन सरकी खाते, बाहेरून कितीबी फवारा मारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. सरकीच कायले खाते? पानानं उन्हात केलेली साखर तिथं तेल होऊन साठते म्हणून, आपण ढेप करून गाईले चारतो ते तेच. झाली तुही ऊर्जा.

आता बीटी पाह्य, म्हणजे बोंडअळीले मारणारी कपाशी. मातीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन कपाशीत टाकला, २००२ मधे भारतात परवानगी भेटली. कुठं बॅक्टेरिया कुठं पऱ्हाटी, तरी पऱ्हाटीच्या पेशीनं तो जीन वाचला आन तेच प्रोटीन बनवलं, कारण लिपी सगळ्या जिवांची एकच. मले कॉलेजात हे समजलं तवा दोन दिवस डोक्यातून गेलं नव्हतं. हे माहितीचं वहन. २००६ ले दोन जीनवालं बियाणं आलं, तरी २०१७ ले अळीनं आमच्या बोंडांची कवडी केलीच.

वावरातली_पोरगी
आमचे बाबा म्हणतात अळीला बीटीची सवय झाली. तेच ना दादा?

निवृत्त_मास्तर
नाही पोरी, इथेच सगळे चुकतात, मीही वर्गात सुरुवातीची काही वर्षं असंच सांगायचो. एकट्या अळीला सवय होत नसते. ते प्रोटीन अळीच्या आतड्यात एका ठरावीक जागी चिकटतं आणि भोकं पाडतं. लाखात एखाद्या अळीत ती जागा जन्मतःच थोडी वेगळी असते, प्रोटीन चिकटतच नाही. बाकीच्या मेल्या, ही जगली, पुढची पिढी तिची. बदलली ती अळ्यांची वस्ती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची रेफ्युजी यायची ना, बिगर बीटीची, ती याचसाठी, साध्या अळ्याही जगाव्यात आणि त्यांचे पतंग या वाचलेल्या अळ्यांच्या पतंगांशी जुळावेत. आमच्या घरी ती पिशवी बांधावरच पडून राहायची.

दुसरं उदाहरण आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडचं, सिकलसेल हा रक्ताचा आजार. हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एक अक्षर बदललं, त्यामुळे साखळीतलं सहावं अमिनो ॲसिड बदललं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलं. ऑक्सिजन कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पेशंटचे हातपाय ठणकतात. मग असा जीन टिकला कसा? कारण एएस म्हणजे नुसता वाहक असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. आता मोज, फळ्यावरच्या किती गोष्टी आल्या.

नीट_रिपीटर
सगळं बरोबर आहे सर, पण नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे आहेत आणि पेपरात डोमकळी विचारत नाहीत. आधी एनसीईआरटी ओळ न् ओळ वाच, मग वावरात जा.

पऱ्हाटीवाला
ओळ न् ओळ वाचूनच रिपीट करून राहिला ना भाऊ 😄 राग नको मानू.

वावरातली_पोरगी
आज कॉलेजातून आल्यावर गेले होते. तीन डोमकळ्या सापडल्या, दोनात अळी होती, तिसरीत नुसतं भोक आणि विष्ठा. ती कुठं गेली?

पऱ्हाटीवाला
झाडाखालची माती उकर. कोष करून बसली असंन.