गजाली आणि मेंदू
गजाली, म्हणजे आमच्या कोकणातल्या गप्पा, हा रिकामटेकडेपणा आहे असं काहींना वाटतं; ते मत मला पटत नाही. वेंगुर्ल्याला आमच्या खळ्यात आई आणि शेजारची काकी संध्याकाळी बसतात. एकीचं वाक्य संपतंय तोवर दुसरीचं ‘व्हय गो’ आलेलं असतं. २००९ च्या अभ्यासात १० भाषांमध्ये प्रश्न-उत्तरातली फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. एवढ्यात वाक्य जुळवणं शक्यच नाही. म्हणजे ऐकता ऐकताच मेंदू उत्तर रचत असतो! प्रिन्स्टन विद्यापीठातले मेंदू-अभ्यासक उरी हॅसन यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं, की गोष्ट समजत असेल तर ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल सांगणाऱ्याच्या हालचालीशी जुळते, काही भागांत तर तिच्या पुढे धावते. न कळणाऱ्या रशियन गोष्टीत ते जुळणं नाहीसं झालं. बाबा गेल्यावर आईला सावरलं ते काकीच्या गजालींनीच.