क्रूझचे आरक्षण नेमके केव्हा करावे : मराठवाड्यातून जाऊन आलेल्यांचे अनुभव

अंबाजोगाई, प्राध्यापिका (धागा सुरू करताना)

आमच्या घरात चार माणसे आहेत. मी महाविद्यालयात शिकवते, यजमानांचे औषधांचे दुकान आहे, थोरली आठवीत आणि धाकटा पाचवीत आहे. यंदाची, म्हणजे २०२६ ची दिवाळी ही थोरलीच्या दहावीआधीची शेवटची दिवाळी असल्यामुळे त्या सुट्टीत सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर जायचे, एवढे घरात ठरले आहे. अडले आहे ते एकाच ठिकाणी : पैसे आत्ता भरायचे की थांबायचे? एक नातेवाईक सांगतात की वर्षभर आधी केले तरच स्वस्त पडते. दुसरे सांगतात की शेवटच्या महिन्यात कंपन्या रिकाम्या केबिन मिळेल त्या भावात देतात. आणि एजंट म्हणतो की ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे. तीच ऑफर मी तीन आठवड्यांत चौथ्यांदा पाहिली, तेव्हा जाऊन आलेल्यांनाच विचारावे असे वाटले.

जहाज कोणते चांगले, जेवण कसे होते, हे विषय कृपया येथे नकोत. आपण आरक्षण केव्हा केले, तेव्हा दर काय होता, पुढे तो कुठे गेला आणि आपण कशाने बांधलेले होतात (शाळा, नोकरी, शेती, व्हिसा), एवढे मात्र सविस्तर लिहावे, ही विनंती.

नांदेड, निवृत्त बँक कर्मचारी

ताई, आपला प्रश्न योग्य आहे, कारण दरांविषयी ऐकीव माहितीच फार चालते. मी आयुष्यभर खतावण्या तपासल्या असल्यामुळे वही घेऊन बसलो. सिंगापूर, पेनांग, फुकेट अशी चार रात्रींची सफर होती आणि जहाज जानेवारी २०२५ च्या उत्तरार्धात, म्हणजे नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर निघणार होते. जून २०२४ च्या दुसऱ्या गुरुवारपासून दर गुरुवारी सकाळी चहा झाला की मी आकडे उतरवून घेत असे. डावीकडे तारीख, मग आतली बिनखिडकीची केबिन, नंतर समुद्राकडे खिडकी असलेली, नंतर बाल्कनीची, आणि शेवटच्या रकान्यात कर व बंदर शुल्क.

पहिली गोष्ट लक्षात आली ती या शेवटच्या रकान्यावरून. चोवीस गुरुवारांत तो आकडा हलला नाही. जाहिरातीत ‘निम्म्या दरात’ असे असले, तरी निम्मे होते ते फक्त भाडे. कर, बंदर शुल्क आणि जहाजावरची रोजची टिप आहे तेवढीच राहते. लहान सफरीत हा न हलणारा भाग एकूण खर्चाच्या मानाने बराच मोठा असतो.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. बहुतेक कंपन्या सफरीच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी उरलेली सर्व रक्कम मागतात. त्या मुदतीपर्यंत अनेकांनी थोडी अनामत भरून जागा धरलेली असते, टूरवाल्यांनी गटासाठी केबिन राखून ठेवलेल्या असतात. मुदत आली की ज्यांचा बेत फिरला ते जागा सोडतात, टूरवाले न विकलेल्या केबिन परत करतात आणि हा सगळा माल एकदम बाजारात येतो. माझ्या वहीत सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये दर किंचित चढत होता आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात तो उतरला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाल्कनीचा आकडा मी दोनदा तपासून लिहिला, कारण तो खिडकीच्या केबिनपेक्षा माणशी जेमतेम अकराशे रुपयांनी जास्त होता. आतल्या केबिनच्या रकान्यात मात्र त्या दिवशी रेघ आहे. त्या संपल्या होत्या. स्वस्त केबिन आधी जातात आणि थांबणाऱ्याला सवलत मिळते ती बहुधा मधल्या केबिनवर, हे त्या रेघेने मला शिकवले.

आम्ही त्याच दिवशी बाल्कनी घेतली. आता दुसरी बाजूही लिहितो. आम्हाला हैदराबादहून विमान सोयीचे. ऑगस्टमध्ये जे भाडे होते ते नोव्हेंबरपर्यंत इतके वाढले होते की केबिनमध्ये वाचलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक तिकडे गेले. तरीही आम्हा दोघांना कोणतीही तारीख चालत होती, ती सफर हुकली असती तर पुढची पाहिली असती, म्हणून थांबणे परवडले. आपल्याबरोबर शाळेतली दोन मुले आहेत, हे विसरू नये.

लातूर, आडत व्यापारी

काकांच्या वहीत जे दिसले ते मी दोन सफरींत अनुभवले, एकदा फायद्याने आणि एकदा तोट्याने. आमचे गणित मोंढ्याचे : आवक वाढली आणि माल पडून राहिला की भाव खाली येतो. फेब्रुवारीत, सोमवारी निघून बुधवारी परतणारी मुंबई-गोवा सफर मी निघण्याच्या पाच दिवस आधी घेतली, तेव्हा सप्टेंबरमध्ये विचारलेल्या दरापेक्षा ती जवळपास एक तृतीयांशाने स्वस्त पडली. देशांतर्गत सफर असल्यामुळे पासपोर्ट-व्हिसा नाही, आधार कार्ड घेऊन निघालो.

त्याच भरवशावर पुढच्या वर्षी मी नाताळच्या आठवड्यासाठी थांबलो. सोबत धाकट्या भावाचे कुटुंब होते, एकूण आठ माणसे. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू होते, दिवाळी होईपर्यंत आम्हाला मान वर करायला वेळ नसतो आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या केल्याशिवाय घरखर्चाला हात लावायचा नाही ही आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे विचारणा केली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर चार जणांची एकही केबिन उरली नव्हती. चार वेगळ्या केबिन, त्याही दोन मजल्यांवर, आणि दर जवळपास दुप्पट. माल उरणार असेल तरच भाव पडतो, हे मला मोंढ्यात ठाऊक होते, पण नाताळच्या आठवड्यात जहाजावर माल उरत नाही याचा विचार मी केला नव्हता. वडिलांना जिना चढून नातवंडांच्या केबिनपर्यंत जावे लागत होते, त्याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटले.

जालना, लेखापाल

रुपयाकडेही पाहावे, एवढेच सांगायचे आहे. फेब्रुवारी २०२५ मधल्या दुबईच्या सफरीचा दर मी जानेवारी २०२४ मध्ये पाहिला, तो दोघांच्या केबिनला १,४६० डॉलर होता. दर उतरेल म्हणून थांबलो आणि तो खरोखर उतरला : डिसेंबर २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात १,४३० डॉलर. मात्र जानेवारीत डॉलर सुमारे ८३ रुपयांना होता आणि १९ डिसेंबरला त्याने ८५ ओलांडले. गुणाकार केला तर आधीचे १,२१,१८० रुपये आणि नंतरचे १,२१,५५०. तीस डॉलर वाचवून मी ३७० रुपये जास्त भरले, शिवाय कार्डावर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार लागला तो वेगळा.

टूरवाल्याकडून पॅकेज घेणाऱ्यांनी टीसीएसचीही (पैसे घेतानाच टूरवाला वसूल करतो तो आगाऊ आयकर) तजवीज ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पॅकेजवर ७ लाखांपर्यंत ५ टक्के घेत असत. पुढे मर्यादा बदलल्या आहेत, म्हणून पैसे भरताना चालू दर विचारून घ्यावा. ही रक्कम विवरणपत्र भरताना वळती होते किंवा परत मिळते, त्यामुळे तो खर्च नव्हे, पण हप्ता भरण्याच्या दिवशी ती हातात असावी लागते.

अंबाजोगाई (धागाकर्ती)

लातूरच्या दादांच्या अनुभवाने पोटात गोळा आला, कारण आम्हीही चौघे आहोत. चार जणांची केबिन इतकी लवकर का संपते, हे कोणाला माहीत आहे का?

परभणी, माध्यमिक शिक्षिका

याचे कारण मी आमच्या एजंटकडून समजून घेतले होते. तिसरा-चौथा पलंग असलेल्या केबिन मुळातच थोड्या असतात. त्यातही जहाजाच्या प्रत्येक भागातील माणसांना ठराविक जीवनरक्षक बोटी नेमून दिलेल्या असतात आणि त्या बोटींच्या क्षमतेबाहेर कंपनीला माणसे घेता येत नाहीत. म्हणून केबिन रिकामी दिसली तरी ‘चौथा प्रवासी घेता येणार नाही’ असे उत्तर येऊ शकते. चौघांनी एकत्र राहायचे असेल तर थांबण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सिलोनाहून सात रात्रींची भूमध्य समुद्राची सफर केली. शिक्षकांना दिवाळी आणि मे महिना सोडून तिसरी सुट्टी नाही, आणि दिवाळी दरवर्षी सरकते. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. भूमध्य समुद्राचा मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो. त्यानंतर कित्येक जहाजे अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात. म्हणजे दिवाळी लवकर आली तर आपली सुट्टी तिथल्या हंगामाच्या उतरत्या टोकाशी जुळते. युरोपातल्या उन्हाळी सुट्ट्या संपलेल्या असतात, गर्दी ओसरते आणि ऑगस्टच्या मानाने दर खूपच खाली असतो. अधिक महिना आला की दिवाळी पुन्हा पुढे जाते. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून मी यंदा भूमध्य समुद्राचा विचारही केला नसता.

आरक्षण आम्ही जानेवारी २०२५ मध्ये केले. जानेवारी ते मार्च हा क्रूझ कंपन्यांचा वर्षातला सर्वांत मोठा विक्रीचा काळ असतो; त्यात भाडे फार कमी होते असे नाही, पण अनामत कमी घेणे, जहाजावर खर्चायला काही रक्कम देणे, असे फायदे मिळतात. आम्ही परत मिळणारी अनामत निवडली, कारण न मिळणारी थोडी स्वस्त असली तरी तिने हात बांधले जातात. मे महिन्यात आमच्याच केबिनचा दर खाली आलेला दिसला. एजंटला कळवले आणि पूर्ण रक्कम भरण्याची मुदत अजून आली नसल्यामुळे नवीन दर लागू झाला. मुदतीनंतर हे सहसा होत नाही, आणि आपण विचारल्याशिवाय तर कधीच होत नाही.

व्हिसाचे सांगायचे तर शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो, बोटांचे ठसे द्यायला आम्हाला मुंबई गाठावी लागली आणि अर्जासोबत आरक्षणाचा कागद जोडावा लागला. सप्टेंबरमध्ये आलेली सवलत आमच्या काय कामाची?

हिंगोली, अभियंता

केबिनचा क्रमांक कंपनीने नंतर द्यायचा, या अटीवर दर कमी असतो. आम्ही तो घेतला आणि केबिन मिळाली अगदी पुढच्या टोकाला. फुकेटला जहाजाने खोल पाण्यात नांगर टाकला तेव्हा पहाटे साडेपाचला साखळीच्या खडखडाटाने दोघेही दचकून उठलो. तरुणांनी हा दर जरूर घ्यावा. झोप हलकी असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी घेऊ नये.

धाराशिव, सरकारी सेवेतून निवृत्त

आम्ही सप्टेंबरमध्ये पितृपक्षात मुंबई-गोवा सफर केली. घरात कुरकुर झाली, पण वडिलांचे श्राद्ध त्यांच्या तिथीला यथासांग करूनच निघालो आणि माझ्या मनाला त्यात काही गैर वाटले नाही. त्या पंधरवड्यात आपली माणसे नवे काही करत नाहीत, म्हणूनच आठवड्याच्या मधल्या वारांचा दर आम्हाला गणपती आणि नवरात्र या दोन्हींपेक्षा कमी मिळाला.

एक गोष्ट खटकली. एजंटने फोनवर सांगितलेल्या आकड्यात बंदर शुल्क, जीएसटी आणि टिप धरलेली नव्हती. अंतिम रक्कम पाहिली तेव्हा दोघांचे मिळून सव्वानऊ हजार वाढले होते. तेव्हापासून मी सर्व धरून येणारा आकडा लेखी मागवतो आणि मगच दोन दरांची तुलना करतो.

रेल्वेचेही ध्यानात ठेवावे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे क्रूझची पूर्ण रक्कम बऱ्याचदा गाडीचे तिकीट हाती येण्याआधीच भरलेली असते. आम्ही साठाव्या दिवशी सकाळी आठला लातूर-मुंबई गाडी धरली आणि जहाजाच्या दिवशी नव्हे, तर आदल्या दिवशी मुंबईत पोहोचलो. रात्रीच्या राहण्याचा खर्च मी क्रूझच्या दरातच धरतो.

अंबाजोगाई (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांनी दुकान बंद केल्यावर आम्ही हे सगळे एकत्र बसून वाचले आणि निर्णय झाला. आम्ही चौघे आहोत आणि सुट्टी ठरलेली आहे, तेव्हा थांबायचे नाही. १२ नोव्हेंबरच्या सिंगापूरच्या सफरीत चार जणांची केबिन परत मिळणाऱ्या अनामतीवर आज धरली. सर्व धरून येणारा आकडा लेखी घेतला आहे. पूर्ण रक्कम भरण्याची मुदत ९० दिवस आधी, म्हणजे १४ ऑगस्टला आहे. मलेशियाला सध्या भारतीयांना व्हिसा लागत नाही. सिंगापूरचा ऑक्टोबरमध्ये करू, आणि जहाज पुन्हा तिथेच परतणार असल्याने एकापेक्षा अधिक प्रवेशांचा मागू. विमानाचे भाडे दिवाळीत चढणार, म्हणून ते याच महिन्यात काढतो आहोत.

१४ ऑगस्टपर्यंत दर उतरला तर कळावे म्हणून धाकट्याने शाळेच्या जुन्या वहीची कोरी पाने काढून नांदेडच्या काकांसारखे रकाने आखले आहेत. पहिली नोंद त्याने आज, गुरुवारीच केली, आणि शेवटच्या रकान्यातला आकडा तो पेनाने लिहिणार आहे, कारण तो बदलत नाही असे काकांनी सांगितले आहे.