बिडी बिडी छावणीतल्या घरमंडळ्यांना मदत कशी करावी?

प्रश्न: सर्वांना जय ख्रिस्त. उत्तर युगांडातल्या दक्षिण सुदानी निर्वासितांच्या घरमंडळ्यांना (घरात उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती गटांना) आधी काय पाठवावं? छापील पवित्र शास्त्र?

उत्तर १: छापील प्रती नंतर. बिडी बिडी ज्या युंबे जिल्ह्यात आहे, तिथे २०१६ पासून आलेल्यांत बारी, काक्वा, कुकू बोलणारे बरेच आहेत, आणि अनेकांना वाचता येत नाही. दहा-पंधरा जणांमागे पवित्र शास्त्र ऐकवणारा, सौरऊर्जेवर चालणारा एक ऑडिओ संच पुरतो. भाषा मात्र गटालाच विचारा. जुबा अरबी (दक्षिण सुदानात एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा) बहुतेकांना कळते, पण रडून प्रार्थना माणूस मायबोलीतच करतो. चार्जिंगच्या खाचेत तांबडी धूळ बसते, म्हणून झाकणाचा संच घ्या आणि सोबत कापडी पिशवी द्या.

उत्तर २: आणि कृपा करून पुढाऱ्याला बाहेरून पगार सुरू करू नका! पैसे थांबले की मंडळी विस्कटते, शेजारच्या गटात हेवा वाढतो तो वेगळाच. त्यापेक्षा बियाणं, कुदळ, फार तर सायकल द्या. सायकलीसोबत पंप आणि पंक्चरचं सामान हवंच.

उत्तर ३: धान्यवाटप उपासनेला कधीच जोडू नका. भुकेल्याला श्रद्धेची अट घालणं हा अन्याय आहे. पुढारी दोन-तीन असावेत, शक्यतो वेगवेगळ्या जमातींचे. एकट्यावर भिस्त ठेवली आणि तो गावी परतला, तर गट बसतो. चेहरे दिसणारे फोटो टाकू नका.