एटकॉमच्या तासाला पोरं हसतात. मरण शिकवायचं कसं?

मेडिसिनवाला_मास्तर:
विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवतो. 2019 पासून एमबीबीएसला एटकॉम आलं, म्हणजे नीतिमत्ता, वागणूक, पेशंटशी बोलणं. पॅलिएटिव्हचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या उपचारांचा तास माझ्या गळ्यात. वाईट बातमी कशी सांगायची याचा रोल-प्ले घेतला. दीडशे पोरं समोर. 'डॉक्टर' म्हणाला, "काका, तुम्हाला कॅन्सर आहे," आणि अख्खा हॉल फिस्सकन हसला. स्पाइक्सच्या, म्हणजे वाईट बातमी सांगायच्या पद्धतीच्या, सहाही पायऱ्या मात्र तोंडपाठ! इच्छामरणाचा अरुणा शानबाग खटला, त्यावरचाच 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, 2023 पासून लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी चालतो, सगळं तोंडी परीक्षेत धडाधड म्हणतात.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन गाल सडलेले एक आजोबा. मुलानं व्हरांड्यात गाठलं, "बाबांना सांगू नका, खचतील." सोबतच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, मग खोटं बोलायचं का?" राउंडला उशीर होतोय म्हणत मी सटकलो. तुम्ही काय सांगता पोरांना?

भूलवाला:
हसतात ते घाबरून. मी आधी मॉर्फिन शिकवतो, तीव्र दुखण्यावरचं औषध. तोंडावाटे, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध, नाहीतर पेशंट मॉर्फिनच सोडतो. 2014 ला एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्यात बदल होऊन परवान्यांची भानगड बरीच कमी झाली, पण 'व्यसन लागेल' हे पोरांच्या (आणि काही प्रोफेसरांच्याही) डोक्यातून जात नाही. माणूस कळवळत असताना त्याच्याशी नीतीच्या काय गप्पा मारणार?

रात्रपाळीची_सिस्टर:
सर, ड्रेसिंगला पाठवा त्यांना. दीडशे नको, तीनच. अशा जखमेचा वास इतका असतो की शेजारचे खाट सरकवून मागतात. आम्ही मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून पूड टाकतो, काही दिवसांत वास उतरतो. एक मुलगा नाकाला रुमाल न लावता शेवटपर्यंत ट्रे धरून उभा होता, पेशंट नंतर त्यालाच हाका मारायचे. आणि 'सांगू नका' म्हणता, पण त्यांना बहुतेक कळलेलं असतं. रात्री दोनला आम्हालाच विचारतात.

इंटर्न_२४_तास:
आमच्या मॅडम पेशंटलाच विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" मग, "रिपोर्टचं तुमच्याशी बोलू की मुलाशी?" काही जण खरंच म्हणतात, पोराशी बोला. तेही चालतं, ते त्यांनी ठरवलेलं असतं. मुलाला मॅडम एवढंच सांगायच्या, मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मेडिसिनवाला_मास्तर:
सिस्टर, ऐकलं तुमचं. शनिवारी तिघांना घेऊन गेलो, त्यात ती मुलगीही. ड्रेसिंग झाल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" त्यांनी उत्तरच दिलं नाही. जरा वेळानं, गाल धरून, हळू म्हणाले, "पोरीचं नाव सातबाऱ्यावर चढवाचं आहे. पेरणीपर्यंत राहीन का मी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी स्टूल ओढलं. राउंड पाऊण तास उशिरा सुरू झाला, एचओडी बोलले थोडं.